गुडघ्यातलं पाणी

धाकटीचा गुडघा वर्षानुवर्षं सुजलेला. डॉक्टरांनी काढलेलं त्यातलं पाणी संशोधक ताईने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि शेजारी धाकटीच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी सोडल्या. धाकटी डोळा लावून बघू लागली. एकामागोमाग एक, सगळ्या पेशी त्या पाण्याकडे सरकत निघाल्या.

"तिथे जंतू आहेत?"

"एकही नाही."

"मग यांना बोलावतंय कोण?"

"आधी तिथे गेलेल्या पेशी. शत्रू नसला तरी त्या हाका मारतच राहतात."

ताईने नव्या औषधाचा थेंब टाकला. हळूहळू सगळ्या पेशी जागच्या जागी थांबल्या. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

"थांबल्या गं हाका!"

"हाका नाही थांबल्या," ताई म्हणाली. "यांना ऐकू येईनासं झालंय."