परत आलेला नायक

चंद्रभानचा लेक अंकुश वैनगंगेच्या पुरात वाहून गेला, प्रेत सापडलंच नाही. भाऊबंद म्हणाले, "कणकेचा पुतळा करून त्याले अग्नी द्या." चंद्रभाननं मन घट्ट केलं, पण बायको ऐकेना. ती टीव्हीवर बघायची त्या रहस्यमालिकेतला नायकही पुलावरून नदीत पडला होता. मोहल्ल्यातल्या बाया तर्क लढवायच्या, तेव्हा ती ठणकावून सांगायची, "ज्याचं प्रेत दाखवलं नाही, तो जिता राहते. नशिबात असन तं येतेच." आज शेवटच्या भागात नायक खरंच दारात उभा राहिला. बाया टाळ्या पिटत ओरडल्या, "काकू, तुमचंच खरं निघालं!" पण नट बदलला होता. मालिकेतली आई ते परकं तोंड कुरवाळत रडत होती. बायकोनं टीव्ही बंद केला आणि चंद्रभानसमोर कणकेचा डबा आणून ठेवला. "पुतळा करा, पण तोंड मीच घडवीन. मले दुसऱ्याचं नाही पायजे."