शस्त्र घेऊन आत येऊ नये

"लायसन सरकारनं दिलंय, तुझ्या हॉटेलानं नाय," देवराम हवालदार दारातच उभे राहून म्हणाले.

"आणि हॉटेल माझं आहे काका, सरकारचं नाही," शेखर म्हणाला. मिसळ खाणाऱ्यांनी पाव हातात धरून माना वळवल्या.

पाटी कालच लागली होती. 'शस्त्र घेऊन आत येऊ नये.' देवळाली कॅम्पच्या बाजारात मिसळीच्या हॉटेलाला असली पाटी म्हणजे हसण्यासारखंच, आणि लोक हसलेही. पण शेखरच्या ते पोटावर आलं होतं. रविवारी बायकापोरांसह येणाऱ्या गिऱ्हाइकावर त्याचं हॉटेल चालायचं. एका रविवारी देवराम पाण्याच्या जगसाठी वाकले, सदरा वर सरकला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना रिव्हॉल्वर दिसलं. पोरांना ओढत त्या भरल्या ताटावरून उठल्या, आणि घरी जाऊन त्यांनी सगळं इंटरनेटवर लिहिलं. पुढच्या रविवारी निम्मी टेबलं रिकामी होती.

देवराम तोफखान्यातून निवृत्त झाले आणि मग बरीच वर्षं बँकेत पहाऱ्याला होते. लायसन त्या नोकरीपायी निघालं. नोकरी संपली, हत्यार राहिलं. ते कपाटातच पडून असायचं. पण गेल्या वर्षभरात म्हाताऱ्याने ते कमरेला लावायला सुरुवात केली होती. भाजी आणायला जाताना, दाढीला बसताना, देवळातसुद्धा. उतारवयात मिरवायची हौस, असं शेखरचं निदान होतं, आणि बाजाराचंही.

"घरी ठेवून या ना काका. मिसळीला रिव्हॉल्वर कशाला लागतं?"

देवरामांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मग तुझ्या गल्ल्यात ठेव. खाऊन झालं की दे."

"आणि कोणी तक्रार केली तर? दुसऱ्याचं हत्यार माझ्याकडे सापडलं की मी आत जाईन. पोलीस ठाण्यात जमा करा."

"इलेक्शन लागलं की करतोच. एरवी गेलो तर कारण इचारतात."

"मग सांगा कारण."

देवराम मागे वळले. बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. शेखरने मिसळ तिथेच पाठवली.

पुढे रोज हेच चाललं. देवराम उन्हात बसून, रुमालाने मान पुसत खायचे आणि निघून जायचे. शेखरला वाईट वाटायचं. लहानपणी याच माणसाने त्याला मागून धरून सायकल शिकवली होती. पण एकाला सूट दिली की पाटीला कोण विचारणार? उद्या प्रत्येक गुंठामंत्री कमरेला लावून येईल.

शेवटी त्याने दिनेशला गाठलं. दिनेश हा देवरामांचा मुलगा. सातपूरला टूलरूममध्ये कामाला होता, कारखाना बंद पडल्यापासून घरीच बसून होता. गुणी माणूस. मागे शेखरच्या गल्ल्याची किल्ली हरवली तेव्हा यानेच वाकवलेल्या तारेने बघता बघता कुलूप उघडून दिलं होतं, आणि वर चहासुद्धा घेतला नव्हता.

"तुमचं बरोबर आहे, शेखरभाऊ," दिनेश म्हणाला. "असली वस्तू घरातच असायला पाहिजे. बाबा माझं ऐकत नाहीत. पण तुम्ही पाटी काढू नका."

घरचाच माणूस आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर शेखरला हुरूप आला. त्याने पाटी पुसून चकचकीत केली.

आणि एका सकाळी देवराम दारात आले, सदरा वर धरून त्यांनी सगळ्यांसमोर गिरकी घेतली. कमर मोकळी होती.

"घे बाबा झडती. जिंकलास तू."

सगळं हॉटेल हसलं. शेखर गल्ल्यावरून उठून आला. त्याने त्यांना आतल्या बाजूला, पंख्याखालच्या टेबलावर बसवलं आणि वरून फरसाणाची वाटी ठेवली.

गल्ल्यावर परत जाताना त्याला समोरच्या बसथांब्यावर दिनेश दिसला. खांद्याला बॅग होती. शेखरला राहवलं नाही, तो रस्ता ओलांडून गेला.

"काय रे, कुठे दौरा?"

"पेठला. मावशीकडे जाऊन ये म्हणतात बाबा."

"अरे, आपण जिंकलो! काका आज मोकळे आलेत. आत बसून खातायत."

"मोकळे?"

"घरी ठेवून आले. पाटीपुढे हवालदार नमला शेवटी."

"घरी," दिनेश म्हणाला. "नक्की?"

"मी डोळ्यांनी बघितलं की."

दिनेश हसला. त्याला हसताना शेखरने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्याने शेखरचा हात दोन्ही हातांत धरला, जरा जास्तच वेळ. तेवढ्यात बस आली.

"जा, चढ," शेखर म्हणाला.

"पुढच्या गाडीने जातो. चार्जर घरी राहिला." दिनेश बॅग सावरत घराकडे वळला.

शेखर शीळ घालत आत आला. आज सगळं मनासारखं झालं होतं. तो देवरामांच्या समोर खुर्ची ओढून बसला.

"एक विचारू काका? एवढे दिवस उन्हात बसलात, पण हट्ट सोडला नाहीत. कशासाठी?"

देवरामांनी पाव मोडला. जवळपास ऐकणारं कोणी नाही हे बघून घेतलं.

"तुला म्हणून सांगतो, कुठं बोलू नको. मागल्या वर्षी दिनेशनं जिवाचं बरंवाईट करून घ्यायला बघितलं. कपाट उघडून ते हातात घेऊन बसला व्हता. मी येळेवर पोचलो म्हणून, नायतर... तवापासून मी ते कमरेचं काढलंच नाय, झोपतानाबी नाय."

त्यांनी पाव रश्श्यात बुडवला.

"आज त्याला मुक्कामाला पेठला धाडलाय. म्हटलं, एक दिस तरी चारचौघांसारखं आत बसून खावं."