एबेन डायरचा दगड

"थडग्याचा दगड तयार आहे, आई. फक्त तुम्ही हो म्हणा," लोइस म्हणाली.

मेहिटेबलने माशांच्या रश्श्यात डाव फिरवला. "तो बुडालेला नाही."

हे वाक्य गावाला पाठ झालं होतं. डायरांच्या गोदीत बांधलेलं, तिच्याच नावाचं जहाज दूर दक्षिणेतल्या कायाओ बंदरातून खत भरून निघालं, ते कुठेच लागलं नाही. तिचा मुलगा एबेन त्यावर मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी होता. त्याला सहा वर्षं होत आली. जहाजावरच्या बाकी सगळ्यांच्या घरच्यांनी दफनभूमीत दगड उभे केले. आमच्याकडे निम्मी थडगी रिकामीच असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. मेहिटेबल मात्र हटून बसली. तिने काळे कपडेसुद्धा घातले नाहीत. बायका तिच्यामागे कपाळाला बोट लावत.

सुनेची, लोइसची, मात्र परवड होत होती. आईच्या होकाराशिवाय दगड नाही, दगड नाही तोवर मरण नाही, आणि पाद्री दुसरं लग्न लावायला तयार नाहीत. शिडं शिवणारा हॉलिस तिच्यासाठी थांबून थांबून थकला होता. आता तो बोस्टनला कायमचा निघाला होता.

"ना मी नवऱ्याची, ना विधवा," लोइस म्हणाली. "माझं काय चुकलं, तेवढं तरी सांगा."

मेहिटेबलच्या नवऱ्याने, जोथम डायरने, जेवता जेवता पानावरून मान वर केली. "अगं, माझ्या हातचं जहाज बुडालं, हे मी गिळलंच ना? तुझ्या हट्टापायी पोरीचा जन्म जाईल."

"सायलसला येऊ दे," मेहिटेबल म्हणाली. "मग बघू."

सायलस तिचा धाकटा भाऊ. कप्तान होता, त्याचं जहाज कायाओच्याच फेऱ्या करायचं. तो आला की ती त्याला स्वयंपाकघरात घेई आणि दार लावून घेई. भाऊ काहीतरी चमत्काराची बातमी आणेल, या आशेवर बिचारी जगतेय, असं लोक म्हणत.

शनिवारी सायलस आला. दार लागलं. बऱ्याच वेळाने तो बाहेर पडला, तेव्हा त्याने कुणाच्याच नजरेला नजर दिली नाही. मागून मेहिटेबल आली. डोळे लाल झाले होते.

"पाद्रींना सांग, पोरी. माझा एबेन गेला."

लोइस तिच्या गळ्यात पडून हमसून रडली. दुःख होतं, सुटकाही होती, आणि सुटकेची लाजही होती. मेहिटेबल तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दगड उभा राहिला. 'समुद्रार्पण' हा शब्द वाचताना जोथमसारखा कणखर माणूसही ढसाढसा रडला. मेहिटेबल काळ्या कपड्यांत ताठ उभी होती. गावाला हायसं वाटलं. म्हातारी शेवटी ताळ्यावर आली. आठवड्याभरात लोइसचं लग्न लागलं, आणि मेहिटेबलनेच तिला आशीर्वाद दिला.

सायलस पुन्हा निघाला, तेव्हा ती त्याला पोचवायला धक्क्यापर्यंत गेली.

"ताई, अजून विचार कर," तो हळूच म्हणाला. "देवाला काय सांगशील?"

"ते माझं मी बघेन. इतकी वर्षं वाटलं, एक दिवस लाज वाटून परत येईल. आता त्या बाईपासून त्याला मुलगा झालाय म्हणतोस." तिने त्याची बाही घट्ट धरली. "त्याला सांग, जहाज सुटायच्या आधी पळालास म्हणून जगलास, तसाच तिकडेच जग. इकडे पाऊल टाकायचं नाही. तुझ्या आईने तुला पुरलंय."