काचेतला पेपर

“भिंतीवरची चौकट काढा, तिच्यात समीकरण दिसतंय,” लॅपटॉपमधला परीक्षक म्हणाला. “आणि बाहेरून कुणाचा शब्द ऐकू आला, तर परीक्षा रद्द.” लव्होन पन्नाशीत बीजगणितात पहिल्यांदा पास झाली, तो पेपर नवऱ्यानं, डेल्मरनं, त्या चौकटीत काचेखाली बसवला होता. “बक्षीस आहे ते!” कुरकुरत तो चौकट घेऊन ओसरीवर गेला. लव्होन आज पास झाली तरच कॉलेजात नर्सिंगला प्रवेश. आणि खाणीत आयुष्य काढलेला डेल्मर कुजबुजला तरी डोंगरापार ऐकू जाई. पडद्यावरून नजर हलवायलाही बंदी होती. बाहेर टपालवाल्याची गाडी थांबली, पायऱ्यांवर बूट वाजले, पुढे चिडीचूप. गुण झळकल्यावर तिनं खिडकी उघडली. टपालवाल्याच्या, शेजाऱ्यांच्या हातांतून चौकट मुकाट्यानं फिरत होती, डेल्मरचं बोट ओठांवर. “बोल आता,” ती म्हणाली, “त्र्याऐंशी!” “दुसरी चौकट करतो!” डेल्मर गरजला.