उशिरा आलेलं उत्तर

पाळण्यावरच्या कॅमेऱ्यासाठी मी घरीच एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यातलं फंक्शन सारखं कॅमेऱ्याला विचारत राहायचं, बाळाचा श्वास चालू आहे का? ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, तर टाइमआउट व्हायचा आणि माझा फोन वाजायचा.

"अगं, लेक आहे ती आपली, सर्व्हर नाही!" नवरा चिडवायचा. मी हसायचे, पण कान फोनकडेच.

आज दुपारी फोन वाजला. मी हातातलं टाकून आतल्या खोलीत धावले. लेक पाळण्यात टक्क जागी होती, हूं नाही की चूं नाही. माझ्या जिवात जीव आला. तिला खांद्यावर घेऊन मी बाहेर लॅपटॉपसमोर येऊन बसले.

टाइमआउट झाला की आपण फक्त वाट बघणं सोडतो. ते फंक्शन मागे चालूच राहतं. तेच आता उत्तर घेऊन आलं. श्वास चालू आहे.

मघाचंच असेल, मी मनाशी म्हटलं. तेवढ्यात पुढचं उत्तर आलं. श्वास चालू आहे. पाळणा तर रिकामा होता. कॅमेरा बिघडला म्हणत मी प्रोग्रॅमच बंद केला.

"अगं, उठली बघ ती!" स्वयंपाकघरातून नवरा ओरडला. "केव्हाची रडतेय, घे ना तिला!"

आतल्या खोलीतून खरंच रडणं येत होतं. भुकेचं, माझ्या अगदी ओळखीचं. ते ऐकताच मला पान्हा फुटला.

माझ्या खांद्यावर जी होती, ती मान वळवून शांतपणे त्या दाराकडे बघत होती.