दुसरा नारळ

सिदू गुरवाने कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या आणि भैरोबाच्या दोन्ही खांद्यांना एकेक चिकटवली. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. प्रश्न घरातल्या थोरल्याने धरायचा, आणि कौल मिळेपर्यंत मनातच ठेवायचा.

"धरा मनात, तात्या," गुरव म्हणाला.

लिंबाजीने टोपी सारखी केली आणि डोळे मिटले. मागे त्याचा मुलगा दिग्विजय उभा होता. त्याच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली सून. तिचं नाव न्यांबुरा. ती मूळची केनियाची. पुण्यात शिकायला आली आणि दिग्विजयशी लग्न करून तिथेच राहिली. गावाला तिचं नाव पेललं नाही. गावाने तिची अंबू केली.

त्या लग्नाचा कौल कुणी लावला नव्हता. फोटो तेवढा मोबाइलवर आला होता. ज्या घरात विहिरीची जागासुद्धा भैरोबाला विचारल्याशिवाय ठरली नाही, त्या घरातलं हे पहिलं बिनकौलाचं लग्न. लिंबाजी तेव्हा काही बोलला नव्हता. पण मुलाच्या मनात ते राहिलं असावं. आता केनियाला जायचं ठरल्यावर दोघं आधी गावाकडे आली.

तसं सगळं ठरलंच होतं. दिग्विजयला तिकडे ठिबक सिंचनाचं काम मिळालं होतं. पुण्याची खोली या महिन्यात सोडायची होती. अंबूच्या आईची नजर वर्षभरात जवळजवळ गेली होती, आणि ती घरात एकटी होती. विमानात किती वजन चालतं यावरून नवराबायकोची वादावादी चालू होती. अंबूला भूमच्या बाजारातून सासूने आणून दिलेली काठवट न्यायची होती.

"तिकडं लाकूड मिळत न्हाय का?" दिग्विजय म्हणे.

"मिळतं की. पण त्याला भाकरीची सवय न्हाय," ती म्हणे.

आल्या दिवशीच ती सासऱ्यापुढे बसली होती. "मामा, आमी जावं म्हणतो. पण तुमी नको म्हणला तर न्हाय जाणार. खरंच न्हाय जाणार."

ते खरं होतं, हे लिंबाजीला कळलं. मुलगा कदाचित रुसून गेला असता. ही गेली नसती. त्याने एक शब्द बोलायचा, की दोघं राहणार होती. तो म्हशीला पाणी दाखवायला उठून गेला. त्यानंतरही विषय निघाला की त्याला गोठ्यात काहीतरी काम आठवे. शेवटी म्हणाला, देवळात जाऊ.

"देवाला कशाला मधी घालता?" त्याची बायको धुरपदाबाई चुलीपुढून म्हणाली. सुनेला न्यायला म्हणून ती आमटीला लावायच्या येसराचं धान्य भाजत होती. "तुमचं तुमाला कळंना व्हय?"

"न्हाय कळत," लिंबाजी म्हणाला. "माझं मन माझ्याच बाजूनं बोलतंय."

निघताना त्याने पिशवीत दोन नारळ टाकले. एक कौल लावण्याआधी वाढवायचा. दुसरा, मनासारखा कौल मिळाला तरच. नाही मिळाला तर तो तसाच घरी परत आणायचा.

कळ्या हलेनात. बाहेर रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला आणि त्याचा आवाज विरला, तरी हलेनात. अंबूने दिग्विजयची बाही धरली. उजवी कळी जराशी घसरली आणि शेंदरात अडकली. दिग्विजय पुढे झुकला. तेवढ्यात डावी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

"डावा दिला," गुरव म्हणाला. त्याने त्या दोघांकडे पाहिलं नाही.

लिंबाजीने मोठा श्वास सोडला. त्याचे ताठलेले खांदे खाली आले. कपाळावरची आठी गेली. दिग्विजय ते बघत होता.

"हेच पाहिजे होतं न्हवं तुमाला, आबा?"

"व्हय," लिंबाजी म्हणाला. "हेच पाहिजे होतं."

दिग्विजय पाठ फिरवून पायरीवर जाऊन बसला. अंबू मात्र पुढे आली. तिने देवापुढे डोकं टेकलं, मग सासऱ्याच्या पाया पडली. पदर नीट करण्यात तिने जरा जास्तच वेळ घालवला, मग मोबाइल काढला.

"आईला फोन करून सांगते, मामा. येत न्हाय म्हणून." मग हसल्यासारखं करून म्हणाली, "काठवट आता घरीच राहील."

लिंबाजीने पिशवीत हात घातला. दुसरा नारळ काढून गुरवापुढे धरला.

"वाढव."

गुरव घोटाळला. "तात्या, डावा पडलाय. देव न्हाय म्हणलाय."

"व्हय, न्हायच म्हणलाय. मला दिसलं की."

"मग ह्यो नारळ कशाचा?"

"वाढव म्हणतो तर. आन्‌ अंबू, त्यो फोन ठेव खाली."

पायरीवरून दिग्विजयने मान वळवली. "तुमी इचारलं तरी काय, आबा?"

लिंबाजीने खाली पडलेली कळी उचलली आणि सुनेच्या ओंजळीत ठेवली.

"तुमी जावं का, हे म्या इचारलंच न्हाय," तो म्हणाला. "म्या इचारलं, ह्या दोघा पोरांना हितंच ठेवून घेऊ का."