दोन भाकरी जास्त

दोडक्याच्या शिरांचीसुद्धा चटणी करायला शिकवणाऱ्या सासूबाई रोज रात्री दोन भाकरी जास्त का थापतात, हे मीनलला कळेना. सकाळी ती उठेपर्यंत त्या संपलेल्याही असायच्या.

काल तिने पीठ मोजूनच परातीत काढून दिलं. एकही भाकरी उरली नाही. शाबासकी राहिली बाजूला, सासूबाईंनी भाकरीचा रिकामा डबा दोनदा उघडून पाहिला.

आज ती लवकर उठली. सासरे चिरलेला कांदा पुढ्यात ठेवून, रिकामा डबा हातात धरून ओट्यापाशी उभे होते.

"आई, माझं काय चुकलं?" तिने सासूबाईंना हळूच विचारलं.

"काही नाही गं. ह्यांना एक फोडणीची भाकरीच करता येते, आणि तिला शिळीच भाकरी लागते. चाळीस वर्षं झाली, दिवसभरात मला आयतं मिळतं ते तेवढं एकच ताट."